राव

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
सुक्या मासळीच्या टोपलीखाली सापडला,
म्हणून खारो.
नावाला जागला.
पिशवी फाटकाशी आली की उठतो, अंग ताणतो,
आणि मी चुलीपाशी पोचायच्या आत
चुलीपाशी.

सोमवारी मात्र आंब्याखाली लोळत असतो दिवसभर.
गुरुवारी अर्धा डोळा उघडा.
वारांचं भान त्याला माझ्याहून पक्कं.
मी गडहिंग्लजची. हळदोण्यात अकरावं वर्ष,
तरी अजून विचारते, आज मासळी चालते ना?

ह्यांचे साहेब जेवायला आले तेव्हा
खारोनं त्यांच्या मांडीवर पंजा ठेवला,
ओळखीच्या माणसासारखा.
साहेबांनी बांगडा उंच धरला,
आणि उंच धरलेला बांगडा
कुणाचा असतो
ते सगळ्यांना कळलं.

म्हटलं, आता वळण लावायचं.
दाराशी गोणपाट टाकलं.
थांब म्हटलं, जवळ आला.
जा म्हटलं, आणखी जवळ.
बस म्हटलं तर बसला,
माझ्या पायावर.

कुंपणापलीकडे एस्पेरान्सबाय कपडे वाळत घालत होती.
तोंडात चिमटा धरूनच म्हणाली,
ताका राव म्हण गो, राव.

कुत्र्याला राव?
आमच्याकडे राव म्हणजे पागोटं, वतन,
पहिल्या पंगतीचं पान.
इथे राव म्हणजे थांब, एवढंच.
अकरा वर्षांत हा शब्द
माझ्या कानावरून गेला असेल हजारदा.
कुत्रा कोकणीत होता
आणि मी मराठीत ओरडत होते.

राव, म्हटलं.
राव बसले.

मग रोज तालीम.
चपातीचा तुकडा नाकासमोर,
आणि दहापर्यंत आकडे.
सातला शेपूट हलायची, आठला नाक,
नवाला तो माझ्याकडे असा बघायचा
की दहा मीच गिळायचे.
पंधरवड्यात गोणपाट सुटेना,
नुसती लाळ,
लाल कोब्यावर रुपयाएवढं तळं.

पण मामंजी ताटावर बसले की
राव उठत.
त्यांच्याच पायाशी. फक्त त्यांच्या.
ह्यांनी काठी दाखवली. मी आवाज चढवला.
हट्टी, खादाड, बाजारचं ते बाजारचंच,
असं काय काय बोलले.

एका दुपारी चमचा पडला म्हणून टेबलाखाली वाकले.
मामंजींचा हात खाली लोंबत होता,
तीस वर्षं फेरीबोटीचं चाक धरलेला हात.
मुठीत उकडा भात
आणि इसवणाची तुकडी,
काटा न काटा काढलेली.
खारो ती खात होता
इतक्या हळू,
की मला त्याची ओळख पटेना.

वर आले. चमचा पुसला.
त्यांचं ताट लख्ख.
हुमण बरें जालां गो, म्हणाले,
सदऱ्याच्या खिशात कवळीचा फुगवटा.
टोचत असेल. चव गेली असेल.
की दुसरंच काही,
जे सुनेला सांगत नाहीत.
सांगत होता तो एकटा कुत्रा,
दिवसातून दोनदा,
आणि मी त्यालाच म्हणत होते,
राव.

दुसऱ्या दिवशी मऊ पेज केली, वाटीत.
मामंजींनी वाटी पाहिली, मग मला.
बोललो नाही दोघंही.
खारो आंब्याखालून उठून आला,
त्यांच्या खुर्चीशी गेला,
लोंबणारा हात हुंगायला.
हात वर होता, वाटीपाशी.
जरा वेळ तसाच उभा.
मग मागे फिरला, कुणी न सांगता,
अर्धा गोणपाटावर, अर्धा कोब्यावर,
नियमापुरता बसला.

त्या दिवशी सोमवार होता.
पेजेत तूप होतं म्हणा,
तेवढ्यासाठीच आला असेल.